समुद्र पश्चिमेला आणि ऊनही पश्चिमेलाच: रायगडच्या किनाऱ्यावर कमी विजेत थंड राहणारं घर कसं बांधतात?

मांडव्याच्या जेट्टीवर उतरून अलिबाग, नागाव, रेवदंडा करत मुरुडपर्यंत गेलं की रस्त्याच्या कडेला दोन प्रकारची घरं दिसतात. पहिली नारळी-पोफळीच्या वाडीत दडलेली, उतरत्या छपराची जुनी कौलारू घरं. दुसरे गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले सपाट स्लॅबचे बंगले. यातल्या अनेक बंगल्यांची समुद्राकडची अख्खी भिंत काचेची असते आणि मागच्या भिंतीवर एसीचे चार-पाच डबे लटकत असतात.

मे महिन्यात दुपारी चार वाजता या काचेच्या हॉलमध्ये एसी बंद करून बसवत नाही. त्याच वेळी शेजारच्या कौलारू घराच्या पडवीत कुणीतरी आरामात सुपारी कातरत बसलेलं असतं. हवा तीच, समुद्र तोच आणि अंतर फार तर पन्नास पावलांचं. मग इतका फरक का पडतो?

या फरकामागच्या शास्त्राला आर्किटेक्ट लोक 'पॅसिव्ह सोलर डिझाईन' म्हणतात. पण ते रायगडच्या किनाऱ्यावर लागू करताना परदेशी पुस्तकातली बरीचशी गोष्ट उलटी वाचावी लागते.

पॅसिव्ह सोलर म्हणजे नेमकं काय?

पहिला गैरसमज दूर करू. पॅसिव्ह सोलरचा छतावरच्या सोलर पॅनलशी थेट संबंध नाही. पॅनल वीज तयार करतात. पॅसिव्ह सोलर घरात मुळात यंत्रच नसतं. घराची दिशा, खिडक्यांची जागा, भिंतीचं साहित्य, छपराचा उतार आणि आजूबाजूची झाडं यांच्या जोरावर घर सुखकर ठेवणं म्हणजे पॅसिव्ह सोलर.

ही कल्पना पुस्तकांतून गाजली ती थंड देशांत. फ्रान्समध्ये ओदेयो इथे फेलिक्स ट्रॉम्ब आणि आर्किटेक्ट जाक मिशेल यांनी १९६७ मध्ये एक घर बांधलं. दक्षिणेकडे जाड काळी भिंत आणि तिच्यापुढे काच. दिवसभर भिंत तापते आणि रात्री घरात ऊब सोडते. आपल्याकडे लडाखमध्ये सोनम वांगचुक यांच्या 'सेकमोल' संस्थेच्या इमारती याच तत्त्वावर कडाक्याच्या हिवाळ्यातही उबदार राहतात.

थोडक्यात, तिकडे ऊन पकडून आत ठेवायचं असतं. तोच नकाशा उचलून अलिबागला बांधला तर घराची भट्टी होईल.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत. त्यात कोकण किनारा 'उष्ण आणि दमट' विभागात येतो. इथे घराला तीन कामं करायची असतात: ऊन बाहेर ठेवायचं, वारा आत घ्यायचा आणि पाऊस अडवायचा.

दमट हवेत वारा इतका महत्त्वाचा का?

शरीर थंड राहतं ते घाम वाळल्यामुळे. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम वाळत नाही आणि चिकचिक होते. म्हणून ३३ अंशांचं अलिबाग अनेकदा त्याहून जास्त तापमानाच्या कोरड्या गावापेक्षा असह्य वाटतं. विदर्भात चालणारा वाळ्याचा कूलरही इथे निरुपयोगी, कारण तो हवेत आणखी ओलावा सोडतो.

इथे उपाय एकच, अंगावरून हवा खेळती ठेवणं. पंख्याखाली बसल्यावर खोलीचं तापमान कमी होत नाही, पण दोन-तीन अंशांनी गार वाटतं ते यामुळेच.

जाड भिंतींचंही तसंच आहे. देशावरच्या वाड्यांच्या जाड भिंती दिवसाची उष्णता झेलतात आणि रात्रीच्या गारव्यात ती बाहेर सोडतात. किनाऱ्यावर दिवस-रात्रीच्या तापमानात तितका फरक नसतो. त्यामुळे तापलेली भिंत रात्रीही घर तापवत राहते. इथे भिंत जाड असण्यापेक्षा ती सावलीत असणं जास्त महत्त्वाचं.

रायगडची खरी अडचण कोणती?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. रायगडचा किनारा साधारण उत्तर-दक्षिण पसरलेला आहे आणि समुद्र पश्चिमेला आहे.

दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि ती जागा भरायला समुद्रावरून वारा येतो. शाळेत शिकवतात ते खारे वारे हेच. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे जातात.

म्हणजे सगळ्यात हवाहवासा वारा दुपारी पश्चिमेकडून येतो. पण दुपारचं सगळ्यात त्रासदायक, तिरपं ऊनही पश्चिमेकडूनच येतं. जूनपासून पावसाची झडही नैऋत्य-पश्चिमेकडून येते. आणि ज्यासाठी जागा घेतली तो समुद्रही तिथेच दिसतो.

वारा, ऊन, पाऊस आणि दृश्य, चौघंही एकाच बाजूने येणार. त्यातलं काय आत घ्यायचं आणि काय अडवायचं, हा किनाऱ्यावरच्या घराचा मुख्य प्रश्न आहे.

काचेची बंद भिंत या प्रश्नाला नेमकं चुकीचं उत्तर देते. ती दृश्य आणि ऊन आत घेते आणि वारा अडवते. काचेतून सूर्यप्रकाश सहज आत येतो. पण त्याने तापलेल्या फरशी-सोफ्यातून निघणारी उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर पडत नाही. मग एसी ही चैन उरत नाही, गरज होते.

सूर्य नेमका कुठून कुठे फिरतो?

अलिबाग साधारण १८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. हाच 'शून्य सावलीचा दिवस'. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या शेवटी मात्र तो दक्षिणेकडे झुकतो आणि दुपारी क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो.

घर बांधणाऱ्यासाठी यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन भिंतीवर नव्हे, छपरावर पडतं. खर्च करायचा असेल तर आधी छपरावर करावा.

दुसरी, दक्षिणेची खिडकी सांभाळायला सोपी आहे. समजा खिडकी ४ फूट उंच आहे आणि तिच्या लगेच वर २ फुटांचा छज्जा आहे. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत दुपारचा सूर्य इतका वर असतो की पूर्ण खिडकी सावलीत राहते. डिसेंबरमध्ये छज्ज्याची सावली खिडकीच्या वरच्या जेमतेम सव्वादोन फुटांवर पडते आणि खालून कोवळं ऊन आत येतं. कोकणात उबेची गरज नसली तरी पावसाळ्यात साठलेला दमटपणा आणि बुरशी घालवायला ते बरं असतं.

तिसरी, पश्चिमेला हाच छज्जा फारसा कामाचा नाही. साडेचार-पाच वाजता सूर्य इतका खाली असतो की ऊन छज्ज्याखालून थेट आत घुसतं. पश्चिमेला आडव्या छज्ज्यापेक्षा खोल पडवी, उभ्या पट्ट्या, झडपा किंवा झाडं हवीत.

जुन्या घराने हे कोडं कसं सोडवलं होतं?

कोकणातल्या जुन्या घरात शिरताना क्रम ठरलेला असतो: अंगण, पडवी किंवा ओटी, मग माजघर, मग मागचं दार आणि परसू. उन्हाला माजघरापर्यंत पोहोचायचं तर आधी पडवी ओलांडावी लागते, आणि तिथेच ते थांबतं. पुढचं आणि मागचं दार एका रेषेत असलं की वारा मात्र घरातून आरपार जातो.

छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली असते. त्यामुळे भिंत सावलीत राहते आणि पाऊस असतानाही खिडकी उघडी ठेवता येते. अलिबाग-मुरुड पट्ट्यात वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने खिडक्या बंद ठेवाव्या लागणं म्हणजे चार महिने कोंदट घर. झड फारच आली तर पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधत.

कौलं पातळ असतात, म्हणून सूर्य मावळला की लवकर निवतात. त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. छप्पर आणि खोली यांच्यामध्ये माळा असेल तर छपराची धग थेट खाली उतरत नाही. स्लॅबचं उलट आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि घरची माणसं झोपायच्या वेळेला ती उष्णता खाली सोडू लागतो.

आणि वाडी? नारळ-पोफळीचं झाड वरून सावली धरतं, पण खाली नुसतं खोड असतं. म्हणजे ऊन वरच्या वर अडतं आणि वारा खालून येतो. नागाव, आक्षी, चौलच्या वाड्यांत शिरताच गार वाटतं ते या रचनेमुळे.

अर्थात, जुनं घर म्हणजे स्वर्ग नव्हता. आत अंधार, पावसाळ्याआधी कौलं शाकारायची दरवर्षीची कटकट, माकडांनी केलेली फोडाफोड, लाकडाला वाळवी. एवढा खटाटोप करायला घरात माणसं उरली नाहीत, तेव्हा लोकांनी स्लॅब टाकला यात नवल नाही. प्रश्न जुन्या घराकडे परत जाण्याचा नाही. त्याच्यातलं नेमकं काय उचलायचं, हा आहे.

रायगडमध्येच झालेला एक प्रयोग

मुरुड तालुक्यातल्या नांदगावला नारळाच्या बागेत २००७ मध्ये पूर्ण झालेलं 'पामायरा हाऊस' जगभरच्या वास्तुकलेच्या नियतकालिकांत छापून आलं. आर्किटेक्ट बिजॉय जैन आणि त्यांच्या 'स्टुडिओ मुंबई'ने ते बांधलं. २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत या घराची निवड झाली होती.

घर म्हणजे दोन लांबट, लाकडी इमारती आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा. बाहेरून ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांच्या झडपा. या झडपांतून वारा आणि मंद उजेड आत येतो, पण ऊन गाळलं जातं. बागेतली माडांची सावली घराला वरून मिळते. पाण्यासाठी जागेवरच्या विहिरी आहेत.

हे सर्वसामान्य कुटुंबाच्या बजेटमधलं घर नाही आणि बारा महिने राहणाऱ्यांसाठी लाकडाची देखभाल हाही मोठा प्रश्न आहे. पण एक गोष्ट त्यातून दिसते. समुद्राकडे तोंड करून, आजच्या पद्धतीचं घर बांधताना काचेची बंद भिंत अपरिहार्य नाही. तिथे झडपांची भिंतही चालते.

साध्या कुटुंबाने घर बांधताना काय करावं?

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. ती ५०० चौरस मीटर, म्हणजे साधारण ५ गुंठे किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या घरांसाठी आहे. पण त्यातले आकडे लहान घरालाही मार्गदर्शक आहेत.

• खिडक्या: उष्ण-दमट भागात उघडता येणाऱ्या दारं-खिडक्यांचं क्षेत्रफळ घराच्या कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावं. १० बाय १२ च्या खोलीला हे प्रमाण लावलं तर २० चौरस फूट होतात. इथे मेख अशी की दोन पाल्यांची सरकती खिडकी अर्धीच उघडते. बिजागरीची खिडकी जवळपास पूर्ण उघडते. त्यामुळे सरकती खिडकी बसवली की वारा निम्म्यावर येतो. डासांची जाळी आणखी थोडा अडवते.

• आरपार वारा: एकाच भिंतीला दोन खिडक्या असून उपयोग नाही. वाऱ्याला आत यायला एक आणि बाहेर पडायला दुसरी वाट लागते, शक्यतो समोरच्या भिंतीत. झोपायच्या खोलीला पूर्वेची खिडकी असेल तर रात्रीचे मतलई वारेही मिळतात.

• दिशा: घराच्या लांब भिंती उत्तर-दक्षिणेला आणि आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला ठेवल्या तर तिरपं ऊन कमी भिंतीवर पडतं. मग समुद्राचा वारा? तो भिंतीवर सरळ न येता तिरपा आला तरी खिडकीतून आत शिरतो. बाहेर उघडणारं खिडकीचं दार त्याला आत वळवतं.

• पश्चिम बाजू: इथे जिना, न्हाणीघर, कोठीची खोली ठेवली की त्या खोल्या ढालीचं काम करतात. दृश्य हवंच असेल तर ८-१० फूट खोल पडवी, तिला सरकत्या झडपा आणि मागे खिडकी, अशी रचना करता येते. समुद्र पडवीत बसून बघायचा.

• छप्पर: संहितेनुसार छपरातून दर अंश फरकाला दर चौरस मीटरमागे १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. नुसता सिमेंटचा स्लॅब ही अट पाळू शकत नाही. त्यावर उष्णतारोधक थर, पांढऱ्या टाईलचे तुकडे किंवा पांढरा रंग, नाहीतर थोडी हवा सोडून वर कौलांचं दुसरं छप्पर, असे पर्याय आहेत.

• भिंती: भिंती आणि खिडक्या मिळून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटपर्यंत असावी, असं संहिता सांगते. जिथे जांभ्याचा चिरा मिळतो तिथे तो, नाहीतर वजनाला हलके एएसी ब्लॉक चालतात. बाहेरून फिकट रंग द्यावा. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, म्हणून बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात.

आणि नकाशा काढण्याआधी जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात येते का, हे तपासावं. पडवी कितीही सुंदर असली तरी ती ना-विकास क्षेत्रात बांधता येत नाही.

पण वादळ आलं तर?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, अलिबागमधल्या असंख्य घरांची कौलं आणि पत्रे उडाले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर 'आता स्लॅबच बरा' असं लोकांना वाटणं साहजिक होतं.

इथे थंड घर आणि सुरक्षित घर यांच्यात खरा संघर्ष आहे. जी वळचण सावली देते, तिच्याखाली वादळाचा वारा शिरतो आणि छप्पर वर उचलतो. वरून जाणारा वारा त्याच वेळी छपराला वर ओढत असतो. नुसत्या वजनावर बसलेली कौलं तेवढ्या जोरापुढे टिकत नाहीत.

यावर उपाय आहेत. चक्रीवादळात कमी उंचीची घरं टिकावीत म्हणून भारतीय मानक ब्युरोने २००४ मध्येच आयएस १५४९८ ही मार्गदर्शिका काढली आहे. अभियंते साधारणपणे असं सुचवतात:

• दुपाखी छपरापेक्षा चारही बाजूंना उतार असलेलं चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगलं तोंड देतं.

• वासे भिंतीवर नुसते टेकवू नयेत. भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा घेऊन त्यात बोल्ट आणि पट्ट्यांनी छप्पर जखडावं.

• पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवावं. वादळात पडवी गेली तरी घर राहतं.

• खालच्या बाजूला स्लॅब आणि वर कौलं असं दुहेरी छप्पर असेल तर कौलं उडाली तरी डोक्यावरचं छत शाबूत राहतं.

• समुद्राकडच्या काचांना बाहेरून बंद करता येतील अशा मजबूत झडपा असाव्यात. काच फुटून वारा आत शिरला की तो छपराला आतूनही ढकलतो.

शेवटच्या मुद्द्याकडे नीट पाहिलं तर लक्षात येईल की दुपारचं ऊन अडवणारी झडपच, नीट जखडलेली असेल तर, वादळात काच वाचवते. संघर्ष आहे, पण काही वस्तू दोन्ही बाजूंनी काम करतात.

मग एसी आणि सोलरचं काय?

एसी लावूच नये असं नाही. मेमधल्या काही रात्री तो लागेलच. पण सावलीतल्या, नीट झाकलेल्या खोलीला लहान एसी पुरतो आणि तो कमी वेळ चालतो. स्टार लेबल असलेल्या नव्या खोली-एसींचं मूळ तापमान १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांवर ठेवणं बंधनकारक आहे. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. पंखा सुरू असेल तर २६-२७ अंशही पुरतात.

छतावरच्या पॅनलसाठी २०२४ मध्ये आलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. पॅनलमुळे स्लॅबवर सावली पडते हा वरचा फायदा, मात्र त्यांचा सांगाडाही वादळाच्या हिशोबाने जखडावा लागतो. क्रम मात्र पाळावा: आधी घराची गरज कमी करायची, मग उरलेल्या गरजेपुरते पॅनल. आधी भट्टी बांधून नंतर ती पॅनलच्या विजेवर थंड करणं महागात पडतं.

निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, आणि तेही जूनच्या दमट उकाड्यात. ज्या घराचा सगळा गारवा एसीवर अवलंबून असतो, ते अशा दिवसांत राहण्यालायक उरत नाही. त्यामुळे नकाशा हातात आला की आर्किटेक्टला किंवा गवंड्याला एवढं विचारावं: मेमध्ये चार वाजता ऊन कुठे पडेल? वारा कुठून येऊन कुठून बाहेर जाईल? जुलैच्या पावसात कोणती खिडकी उघडी ठेवता येईल? छप्पर भिंतीला कशाने बांधलेलं असेल? कागदावर खिडकी हलवायला पेन्सिल पुरते, भिंत उभी राहिल्यावर तीच खिडकी हलवायची तर तोडफोड करावी लागते.